लाच किनाऱ्यावर, फटका बाजारपेठेत

महागाव तालुक्यातील फुलसावंगीला समुद्र नाही, बंदर नाही. मग कस्टम खात्यातील लाचखोरीशी येथील घड्याळवाल्याचा वा सोनाराचा संबंध काय? संबंध आहे. कर चुकवून आलेला माल स्वस्तात खपतो आणि कर भरून आणलेला दुकानात पडून राहतो.

लाच घेऊन मोकळी केलेली वाट कोणालाही मोकळी होते. फेब्रुवारी 1993 मध्ये रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले; 12 मार्चला मुंबईत 257 माणसे मेली. या खटल्यात कस्टमचे अतिरिक्त कलेक्टर सोमनाथ थापा यांना 2007 मध्ये जन्मठेप झाली. गुन्हेगारी टोळ्यांना अधिकारी व राजकारण्यांचे संरक्षण मिळते, हे वोहरा समितीने 1993 च्या अहवालातच नोंदवले होते.

असे संरक्षण लहान दुकानदाराला नसते. 1962 च्या कस्टम कायद्याचे कलम 123 त्याने ध्यानात ठेवावे. तस्करीच्या रास्त संशयावरून सोने किंवा घड्याळे जप्त झाली, तर ती तस्करीची नाहीत हे ज्याच्याकडे सापडली त्यानेच सिद्ध करायचे असते. म्हणून व्यापारी बंधूंना आमचे सांगणे आहे: पक्क्या बिलाशिवाय माल घेऊ नका आणि बिल जपून ठेवा. दोन पैशांच्या स्वस्ताईपायी दुकान गमावू नका.