एक रविवार काकांच्या शेतावर

वाचकहो, घरापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर आपल्याच माणसाचे शेत असावे आणि तेथे अकरा वर्षांत आपले एकदाही पाऊल पडू नये, याला काय म्हणावे? माझ्या बाबतीत असेच झाले होते. लग्नकार्यात काका भेटत, पाठीवर हात ठेवीत, "शेतावर ये गं एकदा" म्हणत. मी "येते, येते" म्हणत असे आणि दुसऱ्या दिवशी विसरून जात असे.

शेवटी ऑगस्टातल्या एका रविवारी दोन्ही मुलांना घेऊन निघाले. वाक्वाच्या वरच्या अंगाला, हेन्रिएटाच्या बाजूस, माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ दीड आर्पां जमीन कसतात. थंडीचे दिवस, बारीक झिमझिम पाऊस, आणि ऊसतोडणी जोरात चाललेली. काका गोठ्याच्या दारात उभे होते. "ये गं पोरी, वाट सापडली म्हणायची!" एवढेच बोलले आणि मुलांना घेऊन पुढे चालू लागले.

दोन गाई, सहा शेळ्या, डझनभर बदके, कोंबड्या, भाजीचे वाफे, कडेला केळी आणि बांधाला उसाच्या चार ओळी, एवढा हा संसार. पाहताना वाटते, माणसाने थोडे थोडे सगळेच लावून ठेवले आहे. पण काका समजावून सांगू लागले तेव्हा कळले की येथे एकावाचून दुसऱ्याचे चालत नाही. तोडणीच्या दिवसांत उसाचे वाढे गाईंना मिळतात. शेण आणि उसाचे पाचट खड्ड्यात थरांनी रचतात, मधूनमधून उलथतात, आणि त्याचे खत कोबीला जाते. कोबी निघाला की त्याच वाफ्यात घेवडा पेरतात, कारण शेंगवर्गीय पिकाच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र धरून ठेवतात. कोबीची बाहेरची पाने शेळ्यांना. पीक निघालेल्या वाफ्यात बदके सोडतात. ती गोगलगाईंची, म्हणजे आपल्या कुर्पांची, पिल्ले वेचून खातात. फळमाशीने डागलेली काकडी मात्र कोणालाच देत नाहीत. ती खोल पुरतात, नाहीतर त्यातूनच पुढची माशी निघते.

शेताच्या मधोमध काळ्या दगडांचा एक मोठा ढीग आहे. धाकट्याने विचारले, "आजोबा, हे कोणी रचले?" काका म्हणाले, "माझ्या आजोबांनी. जमीन घेतली तेव्हा येथे मातीपेक्षा दगड जास्त होते."

ही गोष्ट आपल्या बऱ्याच घरांची आहे. 1834 पासून शर्तबंद मजूर म्हणून भारतातून माणसे या बेटावर आली, त्यात मुंबई बंदरातून आलेले आपले कोकणातले पूर्वजही होते. पुढे 1880 नंतरच्या काळात मोठ्या मळेवाल्यांनी कमी प्रतीच्या जमिनींचे तुकडे पाडून विकायला काढले, आणि जुन्या मजुरांनी पै-पै साठवून ते घेतले. पुष्कळदा वाट्याला खडकाळ जमीनच आली. त्यांनी दगड वेचले, ढीग रचले आणि उरलेल्या मातीत ऊस लावला. काकांच्या ढिगावर आज शुशूचा वेल चढला आहे आणि त्यावर शेळ्या उन्हाला बसतात.

पूर्वी या जमिनीत सारा ऊसच होता. 1975 च्या करारामुळे आपल्या साखरेला युरोपात ठरलेला चांगला भाव मिळत असे. 2006 ते 2009 या काळात तो भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरला, करारही संपला, आणि अनेक लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला. काहींची जमीन आज रानगवताखाली आहे. काकांनी बांधावरच्या ओळी तेवढ्या ठेवल्या आणि बाकी जमिनीत भाजी व जनावरे आणली. त्यांना हे शहाणपण 1975 च्याच फेब्रुवारीत मिळाले होते. जर्वेझ चक्रीवादळाने केळी आडवी केली, छपरे उडवली. घरात खायला राहिले ते मान्योक आणि अळकुड्या. काका म्हणतात, "जमिनीखालचे वादळाला दिसत नाही. म्हणून थोडे वर लावावे, थोडे खाली."

अशीच एक आठवण मलाही आहे. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे संचारबंदी लागली, काही दिवस सुपरमार्केटही बंद राहिले, आणि उघडले तेव्हा आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे ठरलेल्या दिवशीच आत सोडत होते. त्या दिवसांत कोणीतरी आमच्या फाटकाला पिशवी अडकवून जाई. त्यात शेवग्याचा पाला, भोपळ्याची फोड, चार अंडी असत. पिशवी कोणाची हे मला ठाऊक होते. संकट सरले आणि मी पुन्हा दूध-पावडरीचा डबा दुकानातून आणू लागले.

न्याहारीला काकूंनी अळूची भाजी आणि गरम रोटी वाढली. माझी मुलगी म्हणाली, "हे तर ब्रेद सोंज!" काकू हसून म्हणाल्या, "ब्रेद सोंजही आणि अळूही. दोन्ही नावांनी हाक मारली तरी पोट भरते." मग अंगणातच खेळ सुरू झाला. लालो म्हणजे भेंडी, मार्गोझ म्हणजे कारले, पातोल म्हणजे पडवळ, आंब्रेवाद म्हणजे तूर. शाळेच्या पुस्तकात न राहिलेले शब्द पोरीला वाफ्यांजवळ पाठ झाले.

निघताना मी विचारले, "काका, पुढे काय?" त्यांचा मुलगा एबेनमध्ये कचेरीत आहे. पगार चांगला आहे, आणि त्याला दोष देण्याजोगे काही नाही. घरांसाठी तुकडे पाडून विकणारा एक माणूस दोनदा येऊन गेला. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "विकणार नाही, असे मी म्हणत नाही. गाय आहे, खत आहे, पाणी आहे. पहाटे पाचला उठणारा माणूस तेवढा उद्याला नाही. गुडघे सांगतात, आणखी पाच वर्षे."

यावर मला उत्तर सुचले नाही. मुलगी मात्र म्हणाली, "आजोबा, मला दोन वाफे द्याल?" काकांनी कुदळ तिच्या हाती दिली.

तेव्हापासून आम्ही चार रविवार गेलो. तिचा घेवडा उगवला आहे. पहिल्या ओळीवर गोगलगाई पडल्या, दुसरी वाचली. शेत वाचले, असे मी म्हणणार नाही. दोन वाफ्यांनी दीड आर्पां जमीन राखली जात नाही. पण आता अंडी आणि भाजी आम्ही तेथूनच घेतो, दाम मोजून घेतो, आणि एबेनचा भाऊही मागच्या रविवारी मुलाला घेऊन आला होता. बापलेक ढिगावर बसून शुशू उतरवीत होते.

वाचकहो, आपल्याही कोणा काकांचे, मामांचे असे शेत जवळपास असेल. दगडांचा ढीग कोणी रचला हे सांगणारा माणूस तेथे आहे, तोवर एकदा जाऊन या. जाताना रिकामी पिशवी घ्यायला विसरू नका.