आंब्याची वेबसाइट काढायचीय? जितकी साधी, तितकी सुरक्षित

दलालाला टाळून थेट मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला पेटी पोचवायची, म्हणून कोकणातले अनेक बागायतदार आता स्वतःची वेबसाइट काढू लागले आहेत. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या खऱ्या हापूसला वेगळी ओळख मिळाली. ती ओळख गिऱ्हाइकापर्यंत न्यायला वेबसाइट चांगलीच.

पण मुख्य हंगाम असतो मार्च ते मे. ऐन हंगामात वेबसाइट बंद पडली तर ऑर्डर गेल्या. त्याहून वाईट म्हणजे कोणी आत घुसून बागायतदाराच्या जागी स्वतःचा क्यूआर कोड लावला, तर पैसे भलत्याच्याच खात्यात आणि बोलणी खायची बागायतदाराने. म्हणून वेबसाइट दिसायला किती भारी, यापेक्षा ती कशावर बनवली आहे, हे आधी विचारायला हवं.

वेबसाइटचे दोन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे तयार पानांची वेबसाइट. इंग्रजीत हिला ‘स्टॅटिक’ म्हणतात. छापून ठेवलेल्या पत्रकासारखी. कोणी उघडली की सर्व्हर ते पान जसंच्या तसं पाठवतो. वेबसाइटवर लॉगिन नाही, डेटाबेस नाही.

दुसऱ्या प्रकारात प्रत्येक वेळी डेटाबेसमधून माहिती काढून पान तयार होतं. वर्डप्रेस हे त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, चांगलंही आहे. मात्र त्याला फॉर्म, फोटो, ऑफर, चॅट अशा एकेका सोयीसाठी ‘प्लगइन’ जोडले जातात. प्रत्येक प्लगइन वेगळ्या माणसाने लिहिलेला असतो आणि तो वेळोवेळी अपडेट करावा लागतो. वर्डप्रेसच्या वेबसाइटमध्ये सापडणाऱ्या बहुतेक त्रुटी या प्लगइनमधल्याच असतात. घराला दारं जास्त, तितकी कुलपंही जास्त लागणार.

‘आमची छोटी वेबसाइट, कोण बघतंय?’

हा समज चुकीचा आहे. चोर एकेक वेबसाइट निवडत बसत नाहीत. त्यांचे प्रोग्राम दिवसरात्र इंटरनेटवर फिरून जुनं सॉफ्टवेअर कुठे आहे ते शोधतात. सापडलं की घुसतात, मग ती वेबसाइट बँकेची असो की बागायतदाराची.

मोठ्यांनाही हा फटका बसला आहे. लोकांच्या कर्जाची माहिती ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीच्या वेबसाइटमध्ये २०१७ साली एक त्रुटी होती. ती दुरुस्त करणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ते एका ठिकाणी टाकायचं राहिलं आणि मे महिन्यात चोर आत शिरले. १४ कोटींहून जास्त लोकांची खासगी माहिती गेली. एवढ्या मोठ्या कंपनीकडून अपडेट राहतं, तर गावात हंगामाच्या धावपळीत ते कोण करणार?

बागायतदाराला लागतं किती?

बागेचे फोटो, पेटीचा भाव, पाठवण्याची पद्धत, फोन नंबर आणि ऑर्डरसाठी व्हॉट्सअॅपचं बटण. एवढ्याला तयार पानांची वेबसाइट पुरते. बटण दाबलं की गिऱ्हाइकाच्या फोनवर थेट बागायतदाराचं चॅट उघडतं. गिऱ्हाइकाचे नाव-पत्ते वेबसाइटवर साठवावे लागत नाहीत. जे साठवलंच नाही, ते तिथून चोरीला जाणार कसं?

अशी वेबसाइट कमी रेंजमध्येही पटकन उघडते. फक्त फोटो लहान करून टाकावेत. फोनवर काढलेला एक फोटो ४-५ एमबीचा असतो, तो २०० केबीत छान बसतो.

कार्डाने पैसे घ्यायचे असतील तर मान्यताप्राप्त पेमेंट गेटवेच वापरावा. दुकानदाराने गिऱ्हाइकाचा कार्ड नंबर साठवायला रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून मनाई केली आहे.

कुलपाच्या चिन्हाचा अर्थ

पत्ता ‘एचटीटीपीएस’ने सुरू व्हायलाच हवा. म्हणजे गिऱ्हाइकाचा फोन आणि वेबसाइट यांच्यातली माहिती वाटेत कोणाला वाचता किंवा बदलता येत नाही. तसं नसेल तर २०१८ पासून क्रोम ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. यासाठी लागणारं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था फुकट देते, त्यामुळे कोणी त्याचे मोठे पैसे मागितले तर कारण विचारावं. मात्र एचटीटीपीएस आहे म्हणजे दुकानदार प्रामाणिक आहे, असा अर्थ होत नाही. ते फसव्या वेबसाइटलाही मिळतं.

बनवणाऱ्याला हे विचारा

• डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, कोणाच्या ईमेल आणि मोबाइलवर नोंदवणार? ते बागायतदाराच्याच नावावर हवं. नाहीतर बनवणारा मुलगा गाव सोडून गेला की वेबसाइटही गेली.

• तयार पानांवर काम भागत असेल तर वर्डप्रेस कशाला? वर्डप्रेस लागणारच असेल तर प्लगइन किती, आणि अपडेट कोण करणार?

• पैसे भरून घ्यायची थीम किंवा प्लगइन कुठून तरी फुकट उतरवलेला आहे का? अशा चोरीच्या प्रतींत अनेकदा आधीच चोरदार ठेवलेलं असतं.

• सगळ्या वेबसाइटची एक प्रत पेनड्राइव्हवर मिळेल का? ती असली की बिघाड झाल्यावर वेबसाइट लवकर पुन्हा उभी करता येते.

• होस्टिंग, डोमेन आणि ईमेलचे पासवर्ड वेगवेगळे आहेत का? दोन टप्प्यांची पडताळणी चालू आहे का?

हंगामात दर आठवड्याला आपलीच वेबसाइट दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघावी. क्यूआर कोड स्कॅन करून १ रुपया पाठवावा आणि नाव आपलंच येतंय ना, ते तपासावं. काही गडबड दिसली, पैसे भलतीकडे गेले, तर लगेच बँकेला कळवावं आणि गिऱ्हाइकाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगावं. जितक्या लवकर फोन जाईल, तितकी पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.