गाळातून निघालेले घाट

काशीला जायचं तर लोक देवदिवाळीला, कार्तिकी पौर्णिमेला जातात. त्याच्या काही आठवडे आधी गेलं, तर घाटांच्या जागी गाळाचे ढिगारे दिसतात आणि फोटोतल्या पायऱ्या कुठे गेल्या, असा प्रश्न पडतो.

पावसाळ्यात गंगा घाट चढून वर येते. इथली धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर, १९७८ साली पाणी ७३.९०१ मीटरला पोहोचलं होतं. मोठ्या पुरात आरती गच्चीवर जाते, मणिकर्णिका घाटावरच्या चिताही वरच्या छतावर पेटतात. बातम्यांत हे सगळं येतं. पाणी उतरताना मागे जे ठेवून जातं, त्याकडे कॅमेरे वळत नाहीत. पायऱ्यांवर पाणी मंदावतं आणि त्यात मिसळलेली माती तिथेच बसते. कुठे गुडघाभर, कुठे माणूस बुडेल इतकी.

ती काढण्याचं काम मी बराच वेळ उभा राहून पाहिलं. काठाला पंप धडधडत होता; गंगेचंच पाणी उपसून गंगेचाच गाळ धुवायचा. जाड पाइपाच्या तोंडाशी दोघे जण. एकाने पाइप खांद्यावर पेललेला, दुसरा धार वळवणारा. नवखा माणूस ढिगाच्या माथ्यावर पाणी मारेल. हे लोक आधी बुडाशी मारतात. खालचा भाग पोखरला की वरचा थर आपल्याच वजनाने ढासळतो, त्याचा चिखल होतो आणि धार त्याला पायरी-पायरीने खाली हाकलते. कोपऱ्यांतलं उरलंसुरलं फावड्याने. मधूनच एखादी दगडी कड उघडी पडते, की धार हलकेच बाजूला सरकते.

घाई का, तर ऊन. “सूख गया तो कुदाल लगेगा, भइया,” पाइपवाला म्हणाला. शिवाय नदी रोज मागे हटते, तसतसं गाळ ढकलण्याचं अंतर वाढत जातं. शेतात पडता तर सोनं पिकवता, असा हा गाळ. इथे तो पुन्हा नदीतच जातो. मला ते पटलं नाही, पण त्या अरुंद गल्ल्यांतून ट्रक आणायचा कसा, याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

मराठी माणसाचं लक्ष शिंदे घाटाकडे जातंच. बायजाबाई शिंद्यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे बांधकाम भार न सोसून खचलं, असं सांगतात. शेजारचं कललेलं रत्नेश्वराचं देऊळ तर इतकं खाली आहे, की पुरानंतर तिथेही गाळ उपसल्याशिवाय दर्शन नाही.

आरतीचे, गर्दीचे घाट अर्थातच आधी मोकळे होतात. मधले मागे राहतात. त्यामुळे या दिवसांत काठाकाठाने सलग चालता येत नाही. दर थोड्या वेळाने गल्लीत चढायचं, वळसा घालायचा, पुढच्या घाटावर उतरायचं. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ नाव करावी, मात्र भाडं बसण्याआधी ठरवून.