सायकलची वाट किलोमीटरवर ठरत नाही

अमरावतीत कुणी नवी सायकल घेतली की त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग चिखलदऱ्याला कधी?" जणू सायकल घेण्याचं दुसरं काही प्रयोजनच नाही. परिणाम असा होतो की नवखा माणूस एक तर तयारी नसताना घाटात जातो आणि दुसऱ्या वळणावर सायकल हातात धरून चालू लागतो, नाही तर "आपल्याच्याने व्हायचं नाही" म्हणून सायकल जिन्याखाली लावून टाकतो. दोन्ही गोष्टी टाळता येतात. वाट निवडण्याविषयीचे काही समज आधी दूर करायला हवेत.

"शहराजवळ बघण्यासारखं काही नाही"

हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात नुकसानीचा गैरसमज. अमरावतीच्या पूर्वेला आणि आग्नेयेला पोहरा-मालखेडच्या टेकड्या शहराला अगदी खेटून आहेत. कॅम्पातून निघालं की वडाळी तलाव किंवा दस्तुरनगरकडून छत्री तलाव अर्ध्या तासाच्या आत गाठता येतो. आठ-दहा वर्षांचं मूल, साठी ओलांडलेले काका, वीस वर्षांनी पुन्हा सायकलवर बसलेली ताई, सगळ्यांना झेपेल एवढंच हे अंतर आहे. तलावाच्या काठावर पाणपक्षी बघत बसावं आणि परत यावं. पहिला महिनाभर याहून जास्त कशाची गरज नसते.

त्यापुढची पायरी म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाच्या कॅम्पाकडून पोहऱ्याच्या दिशेने जाणारा चांदूर रेल्वेचा रस्ता. अमरावती ते चांदूर रेल्वे सुमारे तीस किलोमीटर. शहराची शेवटची घरं मागे पडली की सागाचं जंगल सुरू होतं आणि रस्ता वरखाली होऊ लागतो. हे चढ लांब नाहीत, पण एकामागून एक येतात, म्हणून पायांना खरी सवय इथेच लागते. श्रावणात हा पट्टा इतका हिरवा असतो की उन्हाळ्यातलं त्याचं रूप आठवत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी साग बोडका होतो, तेव्हा पळस पेटलेला दिसतो. माझ्या मते अमरावतीकरांच्या नशिबी आलेला हा सायकलचा सर्वांत सुंदर रस्ता आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने पोहऱ्यावरून परतावं, सवय झालेल्याने मालखेडचा तलाव गाठावा.

इथे बिबट्याची भीती घातली जाते. बिबटे या जंगलात आहेत, विद्यापीठाच्या आणि वडाळीच्या परिसरापर्यंत ते येतात, हे खरं. पण त्यावरून रस्ताच टाळायचा, हा निष्कर्ष चुकीचा. हा वाहता रस्ता आहे. चांगलं उजाडल्यावर निघायचं, अंधार पडण्याच्या बऱ्याच आधी बाहेर यायचं, एकट्याने नाही तर दोघा-तिघांनी जायचं आणि आतल्या वनवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालायची नाही. एवढं पाळलं तर बिबट्यापेक्षा वळणावर भरधाव येणाऱ्या मोटारसायकलची काळजी जास्त करावी लागते.

"किती किलोमीटर ते सांगा, म्हणजे जमेल का ते सांगतो"

किलोमीटर हे निम्मंच उत्तर. चढ, वारा, ऊन आणि रस्त्याचा पोत मिळून उरलेलं ठरवतात. एक ढोबळ हिशेब करून पाहू. सायकल आणि स्वार मिळून नव्वद किलो वजन धरलं, तर साडेसातशे मीटर उंची चढायला जेवढी ताकद खर्च होते, तेवढ्यात वारा नसलेल्या सपाट रस्त्यावर ताशी पंधराच्या संथ वेगाने साठ-पासष्ट किलोमीटर जाता येतं. परतवाडा ते चिखलदरा हा चढ साधारण तेवढाच आहे. म्हणून नकाशावर तीस किलोमीटर दिसणारी ती वाट पायांना नव्वदीच्या वर पडते.

वाऱ्याचंही तसंच. ताशी पंधराने जाताना समोरून पंधराचाच वारा आला की हवेचा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो, आणि एकूण लागणारा जोर जवळपास अडीचपट.

"पश्चिमेकडे सगळं सपाट, म्हणजे सोपं"

वलगाव, दर्यापूर, भातकुली, खाली अकोल्यापर्यंत पूर्णेचं खोरं परातीसारखं सपाट आहे. वलगावपर्यंतचे दहाएक किलोमीटर नवशिक्याला उत्तम. गाडगेनगरातल्या गाडगेबाबांच्या समाधीपासून निघून पेढी नदीपर्यंत जाता येतं. 20 डिसेंबर 1956 रोजी बाबांनी देह ठेवला तो याच नदीजवळ. परतवाड्याची वाहनं याच रस्त्याने जातात, म्हणून तांबडं फुटल्यावर लगेच निघावं.

पण वलगाव सोडून दर्यापूरच्या दिशेने लांबचा बेत करणाऱ्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सावली जवळजवळ नाही. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, तूर आणि हरभऱ्याची वावरं. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो. अमरावतीकराला हे सोयीचंच आहे: ताज्या पायांनी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना तो पाठीशी घ्यायचा. अकोल्याहून अमरावतीकडे निघालेल्याला मात्र जाताना वाटतं आपण फार दमदार, आणि परतताना सगळं कळतं. तिसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. विहिरी-हातपंपाचं पाणी खारट, तहान न भागवणारं. "वाटेत कुठेही भरून घेऊ" हा भरवसा इथे चालत नाही. दोन बाटल्या घरूनच भरून घ्याव्यात.

आणि पांदण रस्ते. हिवाळ्यात पांदणीने जाणं हे फार मोठं सुख आहे: कापूस वेचणाऱ्या बाया, बंडीच्या चाकोरीतून जाणारी सायकल, फुललेल्या तुरीची पिवळी कड. पण पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस तिकडे फिरकू नये. आपली काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, तिच्यावर वाळकं गवत चिकटतं, त्यावर पुन्हा माती. चाक आणि मडगार्डमधली फट भरते आणि शंभर पावलांच्या आत चाक फिरायचं थांबतं. मग काडीने माती उकरत बसायचं, पुन्हा शंभर पावलं. गिअरच्या सायकलचा मागचा डिरेलर अशा वेळी जोर लावला तर तुटतो. जोर लावू नये. सायकल उचलून डांबरी रस्त्यावर यावं.

"महामार्ग गुळगुळीत, तोच बरा"

अमरावती-अकोला महामार्ग तर जगभर गाजलेला. जून 2022 मध्ये या मार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी काँक्रीटचा थर 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता उत्तम आहे, पण तो ट्रकांसाठी उत्तम आहे. वेगातला फरक इतका, की जवळून ट्रक गेला की आधी सायकल बाहेर ढकलली जाते आणि लगेच आत ओढली जाते. नवख्याने आणि मुलांनी इथे येऊच नये. ज्यांना दूर पल्ल्याचा सराव करायचाय त्यांनी कडेच्या पट्ट्यातून, दिवे लावून आणि चमकणारं जाकीट घालून, पहाटेचा अंधार टाळून जावं. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात सायकलने जायची इच्छा अनेकांची असते. तो सुमारे तीस किलोमीटरचा नागपूर महामार्ग आहे. सरावलेल्यांनी रविवारी सकाळी करावा. निसर्ग हवा असेल तर मार्डी रोडने तपोवन, विद्यापीठ, पुढे कुऱ्हा आणि वर्धेकाठचं कौंडण्यपूर ही वाट कितीतरी सरस. एका बाजूने चाळीसच्या वर अंतर, त्यामुळे ती मध्यम तयारीच्या माणसाची.

अकोलेकरांनाही महामार्गाचीच गरज आहे असं नाही. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा परिसर लहानांना, कावड जिथून भरली जाते ते पूर्णेकाठचं गांधीग्राम (सुमारे अठरा किलोमीटर) सरावलेल्यांना, आणि बार्शीटाकळीवरून महानचं काटेपूर्णा धरण दमदारांना.

"घाट चढायला महागडी सायकल लागते"

महागडी नाही, हलका गिअर लागतो. साध्या सायकलचं पेडल एकदा पूर्ण फिरवलं की ती पाच मीटरच्या वर जाते. घाटात तेवढं अंतर एका फेऱ्यात ओढणं गुडघ्यांना मारक असतं. पुढचं आणि मागचं दातेरी चक्र सारख्या दात्यांचं असेल, तर सायकल एका फेऱ्यात दोन मीटरच्या आसपासच पुढे जाते. फेरे जास्त, पण प्रत्येक फेरा हलका. असा गिअर मध्यम किमतीच्या सायकललाही मिळतो. सीटची उंचीही बघावी: पेडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. बहुतेकांची सीट खाली असते आणि दोष वयाला दिला जातो.

चिखलदरा 1118 मीटरवर आहे, परतवाडा-अचलपूर पावणेचारशेच्या घरात. पहिल्या वेळी अमरावतीहून सायकलने निघू नका. परतवाड्यापर्यंतचे पन्नासएक किलोमीटर सायकल गाडीत टाकून जा आणि तिथून धामणगाव गढीमार्गे सकाळी चढायला लागा. मध्ये थांबण्यात कमीपणा नाही. खरी जोखीम उतरताना असते. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात समोरचं वळण दिसत नाही आणि ओला ब्रेक उशिरा लागतो. म्हणून पहिला घाट पावसाळ्यात नको, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यात तर पंचेचाळीसच्या उन्हात कुठलीच वाट सोपी नसते. तेव्हा पावणेसहाला निघून आठच्या आत घरी.

"लांब पल्ला म्हणजे शर्यत"

तेही नाही. बीआरएम नावाच्या लांब रपेटींत दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहापाण्यासकट ताशी पंधरापेक्षाही कमी वेग. तिथे पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. ज्या शहरात 1914 पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यात मुलं पायरीपायरीने तयार झाली, तिथल्या लोकांना सरावाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

गटाने जाणार असाल तर वाट सगळ्यांत मागे राहणाऱ्याच्या दमाने ठरवा, आणि त्यालाच पुढे चालवा. पंप, पंक्चरचं सामान, गूळ-शेंगदाणे आणि डोक्याला दुपट्टा सोबत असू द्या. येत्या रविवारी वडाळीपासून सुरुवात करा, महिनाभर पोहऱ्याचे चढ करा. चिखलदऱ्याचं त्यानंतर बोलू.