कान शेजारच्या वाद्याकडे

ब्लूग्रास हे अमेरिकी संगीत शिकणारा हौशी वादक बहुधा आपल्याच वाद्याचा देव शोधतो. बँजोवाला अर्ल स्क्रग्जच्या पाया पडतो, मँडोलिनवाला बिल मन्रोच्या. या संगीताचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. इथल्या अनेक मोठ्या वादकांनी आपली वाट दुसऱ्याच वाद्याकडून उचलली.

खुद्द मन्रोंचंच पाहा. १९११ साली केंटकीतल्या रोझीनजवळ जन्मलेलं हे आठ भावंडांतलं शेंडेफळ. फिडल (म्हणजे व्हायोलिन) आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच बळकावलेली, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन आलं. आईवडील गेल्यावर मामा पेंडल्टन व्हँडिव्हर यांनी त्याला आधार दिला. मामा आसपासच्या नाचांना फिडल वाजवत आणि भाचा साथीला बसे. मँडोलिनच्या तारा फिडलसारख्याच जुळवलेल्या असतात; त्यामुळे मामांच्या धुना, त्यांचा ठेका थेट भाच्याच्या बोटांत उतरला. दुसरे गुरू अर्नोल्ड शुल्ट्झ. कोळशाच्या खाणीत राबणारे हे कृष्णवर्णीय वादक गिटार आणि फिडल दोन्ही वाजवत. मन्रोंच्या संगीतातला ब्लूजचा रंग त्यांच्याकडून आला. शुल्ट्झ यांचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांचा वारसा उरला तो ऐकणाऱ्यांच्या वाजवण्यात.

मन्रो १९३९मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाले. त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या संचाचंच नाव पुढे संगीतप्रकाराला चिकटलं. डिसेंबर १९४५मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा स्क्रग्ज संचात आला. तीन बोटांनी बँजो वाजवण्याची रीत त्याच्या मुलखात आधीपासून होती. बँजोवादक स्नफी जेनकिन्स त्याच रीतीचे. स्क्रग्जने तिला वेग आणि नेमकेपणा दिला. आठ स्वरांची तीन-तीन-दोन अशी फोड झाली की आघात ठेक्याच्या मधल्या जागांवर पडतात आणि गाणं पुढे ढकललं जातं. हीच बोटांची चाल जॉश ग्रेव्ह्ज यांनी डोब्रोवर, म्हणजे आडवी धरून पट्टीने वाजवायच्या गिटारवर नेली आणि १९५५मध्ये ते स्क्रग्जने पुढे लेस्टर फ्लॅटसोबत काढलेल्या संचात सामील झाले.

हौशी माणसाला सर्वांत जवळचा वाटावा तो बॉस्टन परिसरातला बिल कीथ. डोंगराळ दक्षिणेचा वारसा त्याला नव्हता. त्याने रेकॉर्ड ऐकून स्क्रग्जचं वादन स्वर-स्वर करून कागदावर उतरवलं. १९६८मध्ये आलेल्या स्क्रग्जच्या बँजो-पुस्तकाला हे टिपण कामी आलं. पण त्याची स्वतःची ओळख तिथे घडली नाही. फिडलच्या धुना जशाच्या तशा बँजोवर याव्यात, हा त्याचा ध्यास होता आणि स्क्रग्जची चाल त्याला पुरेना. नोव्हा स्कोशियाच्या एका फिडलवादिकेचं वादन ऐकून त्याने नवी बोटं बसवली. १९६३मध्ये मन्रोंनी त्याला संचात घेतलं. संचात एकच बिल असू शकतो, म्हणून त्याला ‘ब्रॅड’ म्हणू लागले!

फिडलवालीकडे लागलेला असा कान घडवण्याची हौशी वादकाची जागा म्हणजे जॅम, वादकांनी जमून एकत्र वाजवणं. १९६५मध्ये व्हर्जिनियातल्या फिनकॅसलला ब्लूग्रासचा पहिला अनेक दिवसांचा महोत्सव झाला. पुढे अशा महोत्सवांच्या वाहनतळांवर हौशींची रिंगणं रंगू लागली. रिंगणाचे रिवाज साधे असतात. गाणं सुचवणाराच पट्टी सांगतो, मग प्रत्येकाला एकेक पाळी मिळते आणि शेवट आला की तो पाय उचलून खूण करतो. ढोल-ताशा काही नाही. बास मुख्य मात्रा धरतो आणि मँडोलिनवाला तारा दाबून मधल्या मात्रांवर कोरडा तुटक आघात देतो, तोच तबला.

सहा जणांच्या रिंगणात आपली पाळी एकदा येते आणि पाच वेळा दुसऱ्याची. नवशिका या पाच पाळ्यांत मनातल्या मनात आपलीच उजळणी करत बसतो. खरं शिक्षण त्याच वेळात असतं. फिडलवाला श्वास कुठे घेतो, गाणारी शब्द कुठे रेंगाळवते, हे हेरून आपल्या तारांवर आणून पाहावं. साथीला बसलेल्या भाच्याने रोझीनमध्ये हेच केलं होतं. स्क्रग्जचा वेग हौशी माणसाला बहुधा साधणार नाही. साथीतला कान मात्र नोकरी सांभाळूनही कमावता येतो.