सायबर सुरक्षेचें केंद्र कशासाठीं ?

आमच्या लहानपणीं गांवांत चोर शिरला तर पहिली हांक ज्याच्या घरीं चोरी झाली तोच मारी. ती हांक ऐकून आळींतील माणसें काठ्या व कंदील घेऊन बाहेर पडत. मग चोर सांपडो वा न सांपडो, त्या रात्रीं दुसरें घर फुटत नसे. आज मला ज्या चोरीविषयीं बोलावयाचें आहे, तिच्यांत ही हांकच ऐकूं येत नाहीं. ज्याचें घर फुटलें तोच दार लावून गप्प बसतो. ही हांक ऐकणारें, तिचा अर्थ लावणारें आणि ती दहा घरीं पोंचविणारें एखादें ठिकाण असावें काय, व असल्यास तें कसें असावें, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

मी ह्या शास्त्रांतील पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेंत मास्तरकी केलेला मी एक निवृत्त मनुष्य. ह्या विषयाकडे वळलों तो हौसेनें नव्हे, तर ठेंच लागल्यामुळें. दोन वर्षांपूर्वीं एका संध्याकाळीं माझ्या मोबाईलवर संदेश आला कीं, विजेचें बिल थकलें असून रात्रीं साडेनऊ वाजतां वीज तोडण्यांत येईल. खालीं दिलेल्या क्रमांकावर मीं टेलिफोन केला. पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीनें बोलत होता. त्यानें सांगितलेलें ॲप मीं मोबाईलवर घेतलें, खातरजमेसाठीं म्हणून १० रुपये भरले, आणि अर्ध्या तासांत माझ्या खात्यांतून ३८,००० रुपये गेले. त्या ॲपमुळें माझ्या मोबाईलचा पडदा त्याला बसल्या जागीं दिसत होता, हें मला मागाहून कळलें.

पैसे गेल्याच्या दुःखापेक्षां लाज मोठी होती. 'ताळा पाहिल्यावांचून उत्तर लिहूं नका' असें मुलांना जन्मभर सांगणाऱ्या मास्तरानें स्वतः ताळा पाहिला नाहीं, हें कोणास कसें सांगावें ? मीं घरांतहि सांगितलें नाहीं. अकराव्या दिवशीं आमच्याच इमारतींतील एक निवृत्त परिचारिका त्याच संदेशास बळी पडल्या. त्यांचे दीड लाख रुपये गेले. तेव्हां कोठें धीर करून मीं माझी हकीकत त्यांना सांगितली. त्या एवढेंच म्हणाल्या, "गुरुजी, हें मला आधीं सांगायला हवें होतें तुम्हीं." ह्या वाक्याला माझ्यापाशीं आजहि उत्तर नाहीं.

आतां ह्याच गोष्टीचें मोठें रूप पाहूं. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट मॉरिस नांवाच्या विद्यार्थ्यानें संगणकांच्या जाळ्यावर एक लहानसा प्रोग्रॅम सोडला. एका संगणकांतून दुसऱ्यांत शिरून तेथें आपली नक्कल करावयाची, एवढेंच त्याचें काम. म्हणून त्याला 'वर्म', म्हणजे किडा, हें नांव पडलें. आंत शिरण्याच्या त्याच्या वाटा दोन-तीन होत्या. टपाल पोंचविणाऱ्या एका प्रोग्रॅममध्यें दुरुस्तीसाठीं ठेवलेलें दार उघडेंच राहिलें होतें, ती एक. दुसरी वाट परवलीचा शब्द, म्हणजे पासवर्ड, ओळखण्याची. त्यासाठीं किड्याजवळ ४३२ शब्दांची यादी होती, आणि लोकांनीं निवडलेले शब्द इतके सोपे असत कीं ती पुष्कळदां पुरी पडे. आपली नक्कल तेथें आधींच आहे असें दिसलें, तरीहि सातांतून एक वेळ त्यानें मुक्काम करावा, अशी त्याची रचना होती. येथेंच अनर्थ झाला. त्यानें कोणाची कागदपत्रें नष्ट केलीं नाहींत. परंतु नकलांच्या गर्दीनें यंत्रें गुदमरलीं. त्या काळीं जाळ्यावर सुमारें ६०,००० संगणक होते व त्यांपैकीं सुमारें ६,००० बाधित झाले, असा अंदाज करण्यांत आला.

ह्या हकीकतींतील एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. किडा कसा आवरावा हें सांगणारें एक निनावी पत्र मॉरिसच्याच मित्रानें त्या पहांटे जाळ्यावर धाडलें होतें. परंतु टपालाची वाटच तुंबलेली असल्यामुळें तें वेळेवर पोंचलें नाहीं. इकडे भयानें अनेक संस्थांनीं आपलीं यंत्रें जाळ्यापासून तोडलीं. रोग आंत येऊं नये म्हणून दार लावलें, तों औषधहि बाहेरच राहिलें ! बर्कली व एम. आय. टी. येथील मंडळींनीं अहोरात्र खपून किड्याची चिरफाड केली व उपाय शोधला. म्हणजे बुद्धि होती, मेहनत होती. नव्हतें तें 'येथें कळवावें व येथें विचारावें' असें सर्वांच्या ओळखीचें ठिकाण.

ती उणीव लौकरच भरून काढण्यांत आली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'डार्पा' ह्या शाखेनें द्रव्य पुरविलें आणि १९८८ च्या अखेरीस पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्यें 'सर्ट' हें केंद्र सुरू झालें. अशा केंद्राचीं कामें तीन.

पहिलें काम साहाय्य. ज्याच्यावर प्रसंग आला त्याला रात्रीं-अपरात्रीं कळवितां यावें, आणि प्रथम काय करावें व काय करूं नये हें त्याला कोणी शांतपणें सांगावें. त्याचें नांव त्याच्या परवानगीवांचून बाहेर जातां कामा नये.

दुसरें संशोधन. दहा जणांच्या तक्रारी शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे त्यांतील सारखेपणा दिसूं लागतो : तेंच वाक्य, तेंच ॲप, तीच वेळ. त्यावरून दोष कोठें आहे तें शोधावयाचें. तो प्रोग्रॅममध्यें असेल तर करणाऱ्या कंपनीस आधीं कळवावयाचें. सर्टचा रिवाज असा कीं, दोष कळल्यापासून सामान्यतः ४५ दिवसांनीं तो जाहीर करावा. लगेच जाहीर केला तर चोराला दार दाखविल्यासारखें होतें. मुदतच नसेल तर कंपनी दार दुरुस्त करण्याची घाई करीत नाहीं.

तिसरें शिक्षण. जें कळलें तें साध्या भाषेंत घरोघर पोंचविणें. हीं तीन कामें निरनिराळ्या कचेऱ्यांना वांटून देण्याजोगीं नव्हेत. साहाय्यावांचून संशोधनाला विषय मिळत नाहीं, संशोधनावांचून शिक्षण शिळें होतें, आणि शिक्षणावांचून लोक कळवावयास येत नाहींत.

आपण विचाराल कीं, हें काम नफ्यावांचून कां करावें ? सुरक्षेचीं साधनें विकणाऱ्या कंपन्या आहेत, गुन्हेगार पकडणारे पोलीस आहेत. दोघेहि हवेत. परंतु विकणाऱ्यानें दिलेल्या भयसूचनेंत त्याचें स्वतःचें हित मिसळलेलें असतें. आणि पोलीस-चौकीची पायरी चढण्यास भिडस्त मनुष्य कचरतो. भीतीनें दुखणें कसें लपतें ह्याचा धडा आपल्या प्रांतानें एकदां घेतला आहे. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. पुढल्या वर्षीं पुण्यांत सोल्जरांकडून घरझडत्या सुरू झाल्या, तेव्हां लोक रोगी लपवूं लागले. त्याच १८९७ च्या जानेवारींत मुंबईंत हाफकिन ह्यांनीं आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती. पण लस असूनहि, रोगीच लपविला गेला तर ती टोचावयाची कोठें, हें कसें कळणार ? म्हणून ज्याला कांहीं विकावयाचें नाहीं व कोणास शिक्षा करावयाची नाहीं, असें तिसरें दार लागतें.

शिवाय हा चोर एका गांवचा नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला होऊन ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यांतील बराच मोठा भाग २८ देशांतील एटीएम यंत्रांतून काढण्यांत आला. हें कळल्यावर केंद्राकेंद्रांनीं परस्परांशीं कां बोलावें हें निराळें सांगावें लागत नाहीं. त्यासाठींच १९९० सालीं 'फर्स्ट' हा अशा केंद्रांचा संघ निघाला. आपल्या देशांत सरकारचें 'सर्ट-इन' २००४ पासून चालू आहे, आणि पैसे गेल्यास ताबडतोब कळविण्यासाठीं १९३० हा टेलिफोन क्रमांक आहे. वेळीच कळविलें तर पैसा पुढच्या खात्यांत जाण्यापूर्वीं अडविण्याचा संभव असतो. मीं तो क्रमांक त्या रात्रीं फिरविला नाहीं, आपण फिरवा.

परंतु दिल्लीची कचेरी आपल्या आळींत येऊं शकत नाहीं. एखाद्या कॉलेजनें एक खोली द्यावी, शास्त्र जाणणारे दोन अध्यापक व कांहीं विद्यार्थी पाळीनें बसावेत, आणि एक टेलिफोन असावा; एवढ्यावर गांवचें केंद्र सुरू होऊं शकेल. मात्र आपण काय करणार नाहीं, हें त्यानें पहिल्याच दिवशीं दारावर लिहावें : येथें कोणाचा ओटीपी विचारला जाणार नाहीं, कांहीं विकलें जाणार नाहीं, गेलेला पैसा परत आणण्याचें वचन दिलें जाणार नाहीं, आणि कोणाचें नांव सांगितलें जाणार नाहीं. खोटी आशा दाखविणें हें चोरांचें काम आहे. केंद्रानें तें करूं नये.

गेल्या वर्षीं आमच्या जिन्याखालीं मीं एक फळा लावला. संशयास्पद संदेश आला कीं तो शब्दशः त्यावर लिहावयाचा, नांव लिहावयाचें नाहीं. पहिला संदेश मीं लिहिला, तो माझाच. आणि त्या बाईंच्या सांगण्यावरून खालीं माझें नांवहि लिहिलें. पुढें एके रात्रीं खालच्या मजल्यावरील एक गृहस्थ टेलिफोनवर बोलतां बोलतां थबकले, कारण फळ्यावर वाचलेलें वाक्यच त्यांच्या कानावर पडलें होतें. त्यांचे पैसे वांचले. फळा म्हणजे केंद्र नव्हे. त्याला संशोधन करतां येत नाहीं, आणि तो आमच्या जिन्यापलीकडे दिसत नाहीं. म्हणूनच केंद्र हवें. तें होईपर्यंत, श्रोतेहो, आपणांपैकीं जे कोणी माझ्यासारखे गप्प बसले असतील, त्यांनीं निदान शेजारीं तरी सांगावें.