मेलो कसा, ते कळलं पाहिजे

पालीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सातबाऱ्याच्या प्रिंटा, सगळं मिळतं. चतुर्थीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेली मंडळी लॉजवाल्यानं मागितलं म्हणून आधार कार्डाच्या झेरॉक्स काढून नेतात, त्यावर बरं चालतं. मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटर आणि एक जुना पीएस-फोर आहे. तिथे मुलं तासाच्या हिशेबानं गेम खेळतात. रात्री शटर अर्धं ओढलं की मीही बसते. पन्नाशी आली, गुडघे बोलायला लागलेत, पण अंगठे अजून शाबूत आहेत.

मुलांच्या आया पुढच्या काउंटरवर येऊन विचारतात, ‘‘ताई, ते काळंकुट्ट काय खेळतात हो आत? सारखं मरतात आणि सारखं तेच करतात.’’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

या खेळांना ‘डार्क फँटसी’ म्हणतात. राजे, राक्षस, जादू सगळं असतं, पण वैभव सरून गेल्यावरचं. किल्ले पडलेले, राजे वेडे झालेले, देव रुसलेले. ‘अ‍ॅक्शन रोल-प्लेइंग’ असंही या खेळांना म्हणतात, म्हणजे त्यातलं पात्र आपण घडवायचं. ताकद वाढवायची की जादू, जड चिलखत घालायचं की हलकं राहून निसटायचं, हे आपण ठरवायचं, आणि मारामारी आपल्याच बोटांनी, वेळ साधून करायची. मराठी माणसाला यातला अंधार परका वाटायचं कारण नाही. नारायण धारप वाचून रात्री मोरीपर्यंत जायला घाबरलेली आमची पिढी. त्यांच्याच एका कथेचा आधार घेतलेला २०१८ चा ‘तुंबाड’ पाहिलेल्यांना तर वेगळं सांगायला नकोच. पावसानं झोडपलेला कोकणातला वाडा, त्यातलं धन आणि त्या धनावर बसलेला हस्तर. डार्क फँटसी म्हणतात ती हीच.

खेळांच्या जगात या प्रकाराला आजचं रूप दिलं ते जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीनं आणि तिच्या दिग्दर्शक हिदेताका मियाझाकीनं. २००९ मध्ये ‘डीमन्स सोल्स’, २०११ मध्ये ‘डार्क सोल्स’, मग ‘ब्लडबोर्न’, ‘सेकिरो’, आणि २५ फेब्रुवारी २०२२ ला ‘एल्डन रिंग’. यातल्या ‘एल्डन रिंग’च्या जगाची पूर्वकथा ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या जॉर्ज आर. आर. मार्टिननं लिहिली. जून २०२४ पर्यंत या गेमच्या अडीच कोटी प्रती खपल्या होत्या. माझ्या मागच्या खोलीत मुख्यतः हाच चालतो.

नियम साधा आणि निर्दयी. शत्रू मारले की ‘रून’ मिळतात. तेच पैसे आणि तीच ताकद. मेलात की सगळे रून जिथे पडलात तिथेच राहतात आणि तुम्ही मागच्या विसाव्याच्या जागी जिवंत होता. परत जाऊन उचलायचे. वाटेत पुन्हा मेलात तर ते कायमचे गेले. त्यामुळे खोलीतून ‘‘अरे देवा’’ असा आवाज आला की पुढे बसून मला कळतं, कुणाची तरी दिवसाची कमाई बुडाली.

बाहेरच्यांना वाटतं, खेळणाऱ्यांचे दोनच पक्ष असणार. एकाला गेम अवघड वाटतो, दुसऱ्याला सोपा. इतकी वर्षं मुलांची भांडणं ऐकल्यावर माझं मत वेगळं झालंय. अवघड असण्याबद्दल कुणाची खरी तक्रार नसते. तक्रार असते ती ‘मेलो कसा, ते कळलंच नाही’ ही. कळलं, तर पोरगा शिवी स्वतःला घालतो आणि पुन्हा खेळतो. नाही कळलं, तर गेमला घालतो आणि उठून जातो.

मार्गिटचंच बघा. ‘एल्डन रिंग’मध्ये स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या वाटेवर हा शिंगं फुटलेला म्हातारा काठी घेऊन उभा असतो. नवख्यांचं पहिलं स्मशान तेच. चुकवायचं म्हणजे कोलांटी घ्यायची. कोलांटीच्या सुरुवातीला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ असा असतो की वार अंगाला लागतच नाही. तेवढी वेळ साधली की झालं. मार्गिट काय करतो, काठी उगारतो आणि तशीच वर धरून ठेवतो. आपण घाबरून कोलांटी घेतो, उठतो, आणि आपण उठत असताना ती काठी खाली येते.

आमच्याकडे इंजिनीअरिंगला असलेला एक मुलगा शनिवार-रविवारी घरी येतो. त्याचं ठाम मत आहे की ही चीटिंग आहे. ‘‘काकू, एवढी जड काठी कोण असा हवेत धरून उभा राहील? मी बटण कधी दाबतो ते वाचून तो मारतो. मी औषधाची बाटली तोंडाला लावली की बरोबर तेव्हाच धावून येतो.’’ बाटलीचं त्याचं म्हणणं जगभरचे खेळाडू म्हणतात, त्यात तथ्यही आहे. बऱ्याच शत्रूंचा हल्ला आपण बाटली काढताच सुटतो.

दुसरा मुलगा गावच्या संघातून कबड्डी खेळतो. आमच्या रायगड जिल्ह्यात कबड्डी म्हणजे काय, ते सांगायला नको. त्यानं मार्गिटला पहिल्याच संध्याकाळी लोळवलं, आणि इंजिनीअरिंगवाल्याला त्याचं उत्तर होतं, ‘‘तो हूल देतोय रे. चढाईला आलेला गडी हात टाकतो तेव्हा हात बघायचा नसतो. कंबर बघायची. हूल खाल्लीस, बाद झालास. त्याला चीटिंग कसं म्हणतोस?’’ मी या भांडणात पडले नाही, पण त्या रात्री मार्गिटची काठी सोडून खांदा बघायला लागले. खांदा आधी हलतो, काठी नंतर.

तरीही इंजिनीअरिंगवाला अगदीच चुकीचा आहे असं मला वाटत नाही. ‘डार्क सोल्स’मधले शत्रू संथ होते, त्यांचा वार येताना दिसायचा. पुढे पुढे प्रत्येक खेळात हुली वाढत गेल्या. जुने खेळाडू शिकले, म्हणून बनवणाऱ्यांनी जुन्यांना फसवायचं ठरवलं. यात नवा खेळाडू उगीच भरडला जातो.

दुसरं मोठं भांडण मदतीचं. या खेळांत अनोळखी माणसाला हाक मारून सोबतीला बोलावता येतं. मियाझाकीनं ही कल्पना कुठून आली ते सांगितलंय. बर्फ पडत असताना चढावर गाड्या अडकल्या, मागच्यांनी पुढच्यांना ढकलत वर नेलं, आणि मग सगळे आपापल्या वाटेनं गेले, एकमेकांचा निरोपही न घेता. खेळातली मदत अशीच असते. नाव नाही, बोलणं नाही. काम झालं की तो माणूस विरून जातो. ‘एल्डन रिंग’मधल्या मलेनिया नावाच्या भयंकर योद्धीपुढे लोक टेकीला आले तेव्हा एक खेळाडू अंगावर चिलखत नाही आणि डोक्यावर मडकं अशा अवतारात लोकांच्या खेळात जाऊन तिला एकटा मारून द्यायचा. जगभर त्याचं कौतुक झालं. गेमच्या प्रकाशकांनी त्याला खरी तलवार भेट पाठवली.

माणूस नको असेल तर भुतं बोलावता येतात. त्यातलं ‘मिमिक टियर’ हे आपलंच हुबेहूब रूप. मार्च २०२२ मध्ये कंपनीनं त्याची ताकद कमी केली तेव्हा गदारोळ झाला. माझ्या खोलीत अजून दोन तट आहेत. एक म्हणतो, भूत बोलावून जिंकलास तर ते जिंकणं नव्हे. दुसरा म्हणतो, गेममध्ये दिलंय ना, मग वापरणार. यात मी दुसऱ्याच्या बाजूची. दिवसभर प्रिंटरशी झगडून आलेल्या बाईनं एकटीनंच लढावं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

खेळाडू जमिनीवर एकमेकांसाठी निरोप लिहून ठेवतात, तेही ठरलेल्या शब्दांतून जुळवून. ‘पुढे लपलेली वाट’ वाचून माणूस कोऱ्या भिंतीवर तलवार आपटत बसतो, कारण लिहिणाऱ्यानं चेष्टा केलेली असते. एखादा निरोप कुणाला आवडला आणि त्यानं तशी खूण केली, की लिहिणाऱ्याची प्रकृती तिथल्या तिथे भरून येते, मग तो जगात कुठेही खेळत असो. हे सगळं माझ्या कॉम्प्युटरवर दिसतं, पीएस-फोरवर नाही, कारण तिथे ऑनलाइनसाठी वेगळी वर्गणी लागते आणि ती मी भरत नाही. त्यामुळे तोच गेम शेजारी-शेजारी बसलेल्या दोन मुलांना वेगळा वाटतो. पीएस-फोरवाला म्हणतो, ‘‘किती भकास आहे हे जग.’’ कॉम्प्युटरवाला म्हणतो, ‘‘भकास कुठे, इथे तर जत्रा भरलीय.’’

कथेबद्दलही असंच. गोष्ट कुणी सलग सांगत नाही. एखादी अंगठी सापडते, तिच्या वर्णनात दोन ओळी. एखादं पडकं देऊळ, त्यात एका मूर्तीचं मुंडकं नाही. त्यावरून आपण जुळवायचं. काहींना हा आळशीपणा वाटतो: ‘‘लिहायचा कंटाळा आला म्हणून आमच्यावर सोपवलं.’’ मियाझाकी लहानपणी इंग्रजी पुस्तकं आणायचा, अर्धी कळायची नाहीत, उरलेलं तो मनानं भरायचा. त्याचा खेळ तसाच आहे. आमच्या मराठी माध्यमातल्या मुलांचं नेमकं हेच होतं. इंग्रजी वर्णन अर्धं कळतं आणि उरलेल्या अर्ध्यावर अशी काही भन्नाट कथा रचतात की मूळ लेखकानं ऐकावी.

आयांना यातल्या कशापेक्षाही एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटेल. हा गेम मध्येच थांबवता येत नाही. ‘‘जेवायला ये’’ म्हटल्यावर पोरगा ‘‘आलो, आलो’’ करतो ते खोटं नसतं. मेनू उघडला तरी मागे शत्रू मारतच असतो. एक चोरवाट मात्र आहे. मेनूतल्या मदतीत ‘मेनू एक्सप्लनेशन’ उघडलं की खेळ गोठतो. सगळ्या आयांनी हे पाठ करावं. लाईट गेली तर मात्र इलाज नाही, आणि अंबा नदीला पाणी चढतं त्या दिवसांत लाईट जातेच. कॉम्प्युटरला यूपीएस आहे, पीएस-फोरला नाही. त्यावरूनही भांडणं.

‘‘देवाच्या गावात राक्षसांचा खेळ’’ असंही एक आजोबा म्हणाले. त्यांना म्हटलं, आजोबा, आपल्या देवाचीच कथा आठवा. बल्लाळ गावातल्या पोरांना घेऊन रानात जायचा, दगडाचा गणपती मांडून दिवसभर पूजेत रमायचा. पोरं घरी उशिरा यायला लागली म्हणून आईबापांनी त्याच्या वडिलांकडे, कल्याणशेठकडे तक्रार केली. शेठनी पूजा मोडली, मूर्ती फेकून दिली, पोराला रक्त येईस्तोवर मारून झाडाला बांधलं. देव कुणाच्या बाजूनं आला? आजोबा हसले नाहीत, पण नातवाला तास पुरा करू दिला.

मुलांची सगळ्यात जुनी मागणी म्हणजे आपल्याकडचा असा गेम. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. भावाच्या शोधात निघालेली मुलगी असुरांशी लढते, गोष्ट दुर्गा आणि विष्णू सांगतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडतात. त्या वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकन होतं. मुलांचा निकाल असा: दिसायला देखणा, लवकर संपतो, मारामारी सैल. मला तो आवडला, पण मारामारीबद्दल त्यांचं बरोबर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये चीनचा ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ आला आणि तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. वानरराजाला बघून इथल्या पोरांना मारुती आठवला नसता तरच नवल. या गेमवर त्यांचा राग एकाच गोष्टीचा. समोर मोकळं रान दिसतं, आणि पाऊल टाकलं की न दिसणारी भिंत आडवी येते. अमीश त्रिपाठी आणि अमिताभ बच्चन ज्यामागे आहेत, तो प्राचीन भारतावरचा ‘द एज ऑफ भारत’ही जाहीर झालाय. कबड्डीवाल्याला त्याचं विशेष नाही. त्याला इथला सुधागड किल्ला हवाय. रायगडासारखा महादरवाजा, चोरदरवाजा, भोराईच्या देवळाजवळच्या समाध्या. ‘‘काकू, काही बनवायलाच नको. फक्त रात्र करायची.’’

सध्याचं भांडण मात्र ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’वरून आहे. ‘एल्डन रिंग’ची ही पुरवणी जून २०२४ मध्ये आली आणि पहिल्याच दिवसांत अवघडपणावरून तिच्यावर टीकेचा पाऊस पडला. तिचा शेवटचा शत्रू राडान. तो दोन तलवारींनी मारतो, आणि उत्तरार्धात प्रत्येक वारामागून प्रकाशाचे खांब उठतात. पडदा पांढरा होतो, त्या पांढऱ्यात काय लागलं ते दिसत नाही. इथे कबड्डीवालाही हरला आणि पहिल्यांदा म्हणाला, ‘‘हूल कळते. पण डोळ्यांत चुना टाकला तर कंबर कशी बघू?’’ सप्टेंबरात कंपनीनं राडानला सौम्य केलं आणि काही वारांचे झगमगाट कमी करून ते नीट दिसतील असे केले.

यावर इंजिनीअरिंगवाला खूश होईल असं मला वाटलं होतं, तर तोच चिडला. त्यानं राडानला आधीच मारला होता, हॉस्टेलच्या मित्राच्या लॅपटॉपवर, कुणाची मदत न घेता. ‘‘आता कुणीही मारेल. माझ्या मारण्याला काय किंमत?’’ कबड्डीवाल्यानं विचारलं, ‘‘तू मारलास तेव्हा तुला दिसत होतं?’’

‘‘नव्हतं.’’

‘‘मग तू नाही मारलास. तो चुकून मेला.’’

तेव्हापासून दोघं शेजारी बसत नाहीत. एकाला कॉम्प्युटर देते, दुसऱ्याला पीएस-फोर.